'मोबाइल सेन्सर' आणि 'डिटेक्ट' : मराठीत काय लिहावं?

धुऱ्यावरचा : गावातल्या शेतकरी गटासाठी एका इंग्रजी लेखाचा सारांश लिहितोय. फिरत्या सेन्सरांच्या जाळ्यानं हलतं 'टार्गेट' कसं हेरायचं, असा विषय. एका जागी रोवलेल्या सेन्सरांमधली फट कायमच उघडी राहते. तेवढेच सेन्सर फिरते ठेवले तर एका क्षणाला झाकलेलं क्षेत्र वाढत नाही, पण वेळ जाईल तशी नवीनवी जागा नजरेखालून जाते. 'मोबाइल सेन्सर' लिहिलं, तर काका म्हणाले, "फोनातला काय रे?" 'चल संवेदक' कोणालाच कळलं नाही.

शब्दवेडा : 'जंगम संवेदक' लिहा. स्थावर-जंगम ही जोडी रुळलेली आहे.

आर्वीकर : ती सातबाऱ्याच्या भाषेत रुळली. फिरता दवाखाना म्हणतो, मग फिरता सेन्सर का नको? आणि 'सेन्सर' राहू द्या. मोटारीच्या स्टार्टरइतकाच तो आता आपला आहे.

झाडीपट्टी : खरी अडचण 'डिटेक्ट'ची आहे. 'शोधणे' नव्हे, 'चाहूल लागणे'. माझे बाबा चण्याच्या जागलीले, म्हणजे रात्रीच्या राखणीले, जायचे. माळ्यावर बसून राहिले की डुकरं पलीकडच्या धुऱ्यानं घुसत. म्हणून डबा वाजवत रात्रभर वावराभोवती फिरत. फिरणाऱ्यालेच चाहूल लागते, असं ते म्हणत.

शब्दवेडा : चाहूल कानाची. जंगलातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर हलणारी उष्णता टिपतो, तिथे कान कुठला? 'वेध' घ्या.

आर्वीकर : वेध 'व्यध्'पासून, म्हणजे भोसकणं! आणि हिवाळ्याची चाहूल लागते ती काय कानानं?

शब्दवेडा : वेधशाळेत कोण कोणाला भोसकतं?

धुऱ्यावरचा : 'टार्गेट' राहिलंच. 'लक्ष्य' म्हटलं की बंदूक दिसते. इथे तर वाघ गावाकडे येतोय का, एवढंच कळायला हवं. 2005 सालच्या एका संशोधनात असंही निघालं की फिरत्या सेन्सरांपासून लपणाऱ्यानं जागचं हलूच नये, त्यातच त्याचा फायदा.

झाडीपट्टी : वाघ तेच करते. तुरीत दबून बसला की दहा हातांवरून माणूस निघून जाते. त्याले 'लक्ष्य' नका म्हणू, 'जनावर' म्हणा.

आर्वीकर : पण रोही, म्हणजे नीलगाय, हेही जनावरच. आणि तुमच्याकडे 'जागलीले' म्हणतात? आमच्याकडे 'जागलाले जाणे'.

झाडीपट्टी : जागल हे काम, जागल्या हा माणूस. 'जागलाले' मी कधी ऐकलं नाही.

आर्वीकर : आमची आजी म्हणायची. कपाशीच्या वावरात जन्म गेला तिचा, ती चुकीचं कशी बोलेल?