बीएमएस ‘ऑनलाइन’ आहे, पण काम करतेय का? मोजायचं कसं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पुण्यात बाणेरला एका आठ मजली व्यापारी इमारतीची देखभाल बघतो. खाली बँक आणि खाण्याची दुकानं, वर वेगवेगळ्या कंपन्यांची ऑफिसं. अडीचशे टनांचे (टन हे थंडाव्याचं माप) दोन वॉटर कूल्ड स्क्रू चिलर, म्हणजे एसीचं पाणी गार करणारी यंत्रं (एक चालतो, एक राखीव), दर मजल्याला दोन एएचयू (थंड हवा फेकणारी यंत्रं), सगळ्यांना व्हीएफडी (पंख्याचा वेग बदलणारा ड्राइव्ह), आणि या साऱ्यावर बीएमएस, म्हणजे ही यंत्रं संगणकावरून चालवणारी सिस्टिम.

आता एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) नूतनीकरण आलंय आणि मालकांनी सरळ विचारलंय, “दरवर्षी एवढे पैसे मोजतो, तर या सिस्टिमने आपलं वाचवलं काय?” प्रश्न रास्त आहे. व्हेंडरने उत्तरादाखल गुळगुळीत प्रेझेंटेशन दिलं: ९७ टक्के पॉइंट (बीएमएसला जोडलेले सेन्सर आणि यंत्रं) ऑनलाइन, सगळे अलार्म मुदतीत बंद, एप्रिल-जूनचं वीजबिल गेल्या वर्षीपेक्षा १८ टक्क्यांनी कमी.

पहिले दोन आकडे खरे असतीलही, पण त्यातून मला काही कळत नाही. तिसरा तर पटतच नाही. मधल्या काळात पाचवा मजला रिकामा झाला, सहाव्यावरच्या कंपनीने रात्रपाळी बंद केली, आणि यंदा वळीवही चांगला झाला. बिल उतरणारच होतं. त्याचं श्रेय बीएमएसला का द्यायचं?

म्हणून स्वतःच ट्रेंड काढून बसलो. चौथ्या मजल्यावरचा एक एएचयू स्क्रीनवर हिरवागार, सेटपॉइंट २४, मोड ऑटो. व्हीएफडीची रेघ मात्र सकाळी आठ ते रात्री आठ ५० हर्ट्झवर, फूटपट्टीने ओढल्यासारखी. वर जाऊन पॅनल उघडलं तर सिलेक्टर स्विच ‘हँड’वर, वरून चिकटपट्टी, आणि पट्टीवर बॉलपेनने लिहिलंय ‘हात लावू नये’. कुणी लावली, कधी लावली, कुणालाच आठवत नाही. व्हेंडरच्या ९७ टक्क्यांत हाही धरलेला आहे बरं का.

दुसरी शंका चिलरची. स्क्रीन म्हणते ०.४८ किलोवॅट प्रति टन (आकडा जितका कमी तितका चिलर चांगला). जुना, एका वेगाने चालणारा स्क्रू चिलर अर्ध्या लोडवर इतका गुणी कसा? तेव्हाची रीडिंग देतो: चिल्ड वॉटर तासाला १५० घनमीटर, जाताना ७.२ अंश, येताना १०.१, कॉम्प्रेसर ६९ किलोवॅट.

तर बीएमएसमुळे नेमकं किती वाचलं हे बिलापासून वेगळं कसं काढायचं? आणि नव्या करारात व्हेंडरला कोणत्या आकड्यावर धरायचं? जाणकारांनी मदत करावी.

पानापक्कड:
आधी चिलर. प्रवाह १५० गुणिले तापमानातला फरक २.९ भागिले ३.०२४ (टनात बदलायचा आकडा), म्हणजे जवळजवळ १४४ टन. ६९ ला त्याने भागलं की ०.४८ येतं. गणित बरोबर आहे, सेन्सरवर माझा विश्वास नाही. फरक जेमतेम तीन अंशांचा. एक सेन्सर ०.३ वर आणि दुसरा ०.३ खाली दाखवत असेल तर खरा फरक २.३. मग टन होतात ११४ आणि आकडा जातो ०.६ वर. तुमच्या चिलरच्या वयाला तो शोभतो.

ताळा करायची सोपी रीत आहे. कंडेन्सरने बाहेर टाकलेली उष्णता म्हणजे इमारतीतून उचललेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर कुठलं तरी मीटर खोटं बोलतंय. पाइपवर बाहेरून लावायचं अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर भाड्याने आणा, आणि थर्मोवेलमध्ये (पाइपमध्ये सेन्सर बसवायच्या नळीत) तेल आहे का तेही बघा. नव्वद टक्के वेळा कोरडी असते.

आणि हो, फरक तीनच अंश दिसतोय म्हणून धसका घेऊ नका. पंप एका वेगाने आणि लोड निम्मा, मग एवढाच येणार.

गारठा:
बिलाची वर्षावर्षाची तुलना बंद करा, त्यातून भांडणाशिवाय काही निघत नाही. आयपीएमव्हीपी नावाची ऊर्जाबचत मोजायची पद्धत याचसाठी आहे. पूर्ण इमारतीच्या मीटरवर मोजायचं (पर्याय सी) तर हवामान आणि वापर यांच्यावर बेतलेलं बेसलाइनचं (एरवी किती वीज लागली असती ते सांगणारं) समीकरण लागतं. किमान वर्षभराची बिलं घ्या, शेजारी हवामान आणि भरलेलं क्षेत्रफळ ठेवा. अश्रे (वातानुकूलन अभियंत्यांची संस्था) गाइडलाइन १४ प्रमाणे मासिक आकड्यांच्या समीकरणाचा सीव्ही-आरएमएसई, म्हणजे समीकरण आणि खरी बिलं यांतली चूक, ठरलेल्या मर्यादेत बसली पाहिजे. मजले असे रिकामे होत असतील तर तुमचं बसणं अवघड दिसतंय.

तुम्हाला पर्याय बी बरा: फक्त एचव्हीएसीच्या (वातानुकूलनाच्या) वीजलाइनला वेगळं मीटर. त्याहून सोपं म्हणजे आलटून पालटून चालवणं. एक आठवडा सगळं बीएमएसच्या लॉजिकवर, पुढचा आठवडा ठरावीक वेळापत्रक आणि ठरावीक सेटपॉइंटवर. सारख्या हवामानाचे दिवस समोरासमोर ठेवा. मालकांना हे दोन मिनिटांत कळतं, समीकरण दाखवलंत तर झोप लागेल.

त्या आठवड्यांत तक्रारींची वहीही ठेवा. लोकांना उकडवून वाचवलेली वीज बचतीत धरायची नाही.

पानापक्कड:
+१. पण परीक्षेआधी ‘हँड’वरचं सगळं ऑटोवर आणा, नाहीतर दोन्ही आठवडे सारखेच निघतील. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते; ५० चा ४० हर्ट्झ केलात तर साधारण निम्मी. तो एक एएचयू बारा तास पूर्ण वेगाने पळतोय, म्हणजे काय जातंय बघा.

लेजर_बुक:
आमच्या सल्लागाराने आयएसओ ५२१२० (इमारतीच्या स्वयंचलित नियंत्रणाचं मानक) प्रमाणे वर्गवारी करून ‘बी’ दिला होता. त्या नादी लागू नका असं नाही म्हणत, पण ए ते डी हे वर्ग सिस्टिममध्ये कोणत्या सोयी आहेत ते सांगतात. सोय वापरात आहे का, चिकटपट्टीखाली आहे, हे त्यात येत नाही.

करारात पॉइंट ऑनलाइनऐवजी ‘लूप (सेन्सर बघून यंत्र आपोआप कमीजास्त करणारं नियंत्रण) किती टक्के तास ऑटोमध्ये होता’ हा आकडा घाला. त्यासाठी सिलेक्टर स्विचचा एक सुटा काँटॅक्ट बीएमएसच्या इनपुटला जोडून घ्या, म्हणजे ‘हँड’ केला की स्क्रीनवर दिसेल. खर्च किरकोळ वायरिंगचा. ओव्हरराइड (ऑपरेटरने हाताने केलेला बदल) आपोआप सुटायची मुदतही टाका, आम्ही चार तास ठेवली आहे. आणि ट्रेंडचा डेटा आपल्या मालकीचा, मागितला की एक्सेलमध्ये मिळाला पाहिजे, हे स्वच्छ लिहून घ्या. नंतर त्याचेही पैसे मागतात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. अल्ट्रासॉनिक मीटर आणलं. चिल्ड वॉटरचा प्रवाह १५० च निघाला. कंडेन्सरच्या बाजूला तासाला १६० घनमीटर आणि अडीच अंश, म्हणजे सुमारे ४६५ किलोवॅट. त्यातून ६९ वजा केले तर ३९६ उरतात, म्हणजे ११३ टनांच्या आसपास. आकडा ०.६१! पानापक्कड, तुमचा अंदाज अगदी जवळचा. येतानाच्या पाइपची थर्मोवेल खरंच कोरडी होती. कंडेन्सरचाही फरक लहानच आहे, त्यामुळे दोन्हीकडचे सेन्सर कॅलिब्रेट करून पुन्हा मोजणार.

चिकटपट्टीचं कारणही सापडलं. तिथला डक्ट प्रेशर सेन्सर मेलाय, ऑटोवर टाकलं की पंखा रांगतो आणि टोकाच्या केबिनला हवा पोचत नाही. म्हणजे ऑपरेटरने त्याच्या परीने बरोबरच केलं होतं. सेन्सर मागवलाय.

आता एकच अडचण. आलटून पालटून चालवायला बँकेची तयारी नाही, त्यांच्या सर्व्हर रूमची हवा त्याच एएचयूवर आहे. बँकेचा मजला वगळून बाकीच्यांवर परीक्षा घेतली तर चिलरचा आकडा कसा वाटून धरायचा? प्रत्येक मजल्याला बीटीयू मीटर (पाण्यातून किती थंडावा गेला ते मोजणारं) नाही, फक्त मुख्य लाइनला आहे.