रात्री रिकामा चौक आणि समोर लाल दिवा: थांबायचं की निघायचं? (एक चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पांढरी रेघ

रात्री चौकात चिटपाखरू नसताना लाल दिव्याला थांबायचं कशाला, हा प्रश्न नेहमीचा. दोन्हीकडे बघितलं, कोणी नाही, काढली गाडी, यात बिघडलं काय? माझं म्हणणं असं की "कोणी नाही" हे चौकाआधीच्या थांबण्याच्या रेघेवर उभं राहून ठरवताच येत नाही.

चौक २० मीटर रुंद धरू. गाडी ४ मीटर लांब. शेपटीसकट पलीकडे जायचं तर २४ मीटर झाले. उभी गाडी नेहमीसारखी उचलली तर त्याला साधारण ५ सेकंद लागतात. आडव्या रस्त्याने ताशी ६० किमीने येणारी गाडी तेवढ्यात ८३ मीटर कापते. म्हणजे रेघेवरून आडवा रस्ता निदान ८५ मीटर मोकळा दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंना. कोपऱ्यावरची इमारत, कडेला लावलेला ट्रक, खाली वाकलेल्या फांद्या यांच्यामुळे कित्येक चौकांत २५-३० मीटरसुद्धा धड दिसत नाही. न थांबता, नुसता वेग कमी करून जो घुसतो त्याला तर आणखी कमी दिसतं, कारण तो रेघेच्या मागूनच निर्णय घेऊन मोकळा होतो.

आता पलीकडच्याचं बघा. त्याला हिरवा आहे. कोणी आडवं येईल ही अपेक्षाच नाही, त्यामुळे ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर गेले. पुढे कचकचून ब्रेक दाबला तरी थांबायला आणखी २० मीटर. तुम्ही त्याला ३० मीटरवर दिसलात, तर तो जवळजवळ पूर्ण वेगाने तुमच्या दारावर आदळतो. समोरून धडक बसली तर बॉनेट चेपून थोडा मार झेलतं. बाजूने बसली तर माणूस आणि धडक यांच्यात एक पातळ दार, एवढंच.

मोटरसायकलचं तर वेगळंच. चारचाकीच्या दोन दिव्यांमधलं अंतर वाढताना दिसतं, त्यावरून ती किती जोरात येतेय याचा अंदाज बांधता येतो. एकच दिवा असला की तो अंदाज लागत नाही. अंधारात एक ठिपका दिसतो, लांब वाटतो, आणि एकदम अंगावर येतो.

रात्रपाळी

असहमत. गणित बरोबर आहे, पण त्यातून निघतं ते एवढंच की आंधळ्या चौकात घुसू नये. लाल दिवा प्रत्येक वेळी शहाणा असतो हे त्यातून सिद्ध होत नाही.

सिग्नलची फेरी, म्हणजे एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंतचा वेळ, किती सेकंदांची असावी याचं ब्रिटनमधले वाहतूक संशोधक वेबस्टर यांचं १९५८ चं सूत्र आजही शिकवलं जातं. प्रत्येक फेज (एका दिशेच्या हिरव्याची पाळी) बदलताना वाया जाणाऱ्या सेकंदांची बेरीज करा, तिची दीडपट करून त्यात ५ मिळवा, आणि चौकाची जेवढी क्षमता रिकामी उरते त्या अपूर्णांकाने भागा. चार फेज, प्रत्येकी ४ सेकंद वाया, म्हणजे १६. दिवसा चौक ८० टक्के भरलेला असेल तर २९ भागिले ०.२, म्हणजे १४५ सेकंद. रात्री २० टक्केच भरलेला असेल तर २९ भागिले ०.८, म्हणजे ३६ सेकंद. चौक तोच, पण रात्री त्याला दिवसाच्या पाव फेरी पुरते. तरी असंख्य सिग्नल रात्रभर दिवसाचंच वेळापत्रक चालवत राहतात.

याचा परिणाम थांबणाऱ्याला भोगावा लागतो. १२० च्या फेरीत ९० सेकंद लाल असेल तर तुरळक रहदारीत सरासरी थांबणं ३४ सेकंद. ४० ची फेरी, २८ सेकंद लाल, तर १० सेकंद. मधले २४ सेकंद कोणाच्याही सुरक्षिततेसाठी जात नाहीत. कंट्रोलरमध्ये, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या यंत्रात, रात्रीचं वेळापत्रक कोणी भरलं नाही म्हणून जातात. काही ठिकाणी तोच चौक रात्री लुकलुकत्या पिवळ्यावर टाकतात आणि तिथे बघून निघणं कायदेशीर असतं. मग पुढच्या चौकात हीच कृती गुन्हा कशी?

कंट्रोलर

रात्रपाळी, फेरीबद्दल शंभर टक्के मान्य. लुकलुकत्या पिवळ्याबद्दल नाही. तो परवडतो तो दोन्ही रस्ते लांबवर दिसत असतील आणि वेग कमी असेल तिथेच. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलममध्ये काही चौकांतलं रात्रीचं लुकलुकणं बंद करून नेहमीचा सिग्नल सुरू केला, तेव्हा तिथले रात्रीचे आडवे अपघात कमी झाले. दोन्हीकडचे लोक "बघून" निघत होते, तरी व्हायचे ते होत होते.

खरा उपाय म्हणजे गाडी ओळखणारा सिग्नल. मुख्य रस्त्याचा हिरवा तसाच राहतो. आडव्या रस्त्यावर गाडी आली की मुख्य रस्त्याला पिवळा, मग सगळीकडे लाल, मग आडव्याला हिरवा. मुख्य रस्त्याचा किमान हिरवा होऊन गेलेला असेल तर हे सगळं ५-७ सेकंदांत उरकतं.

गाडी ओळखायची जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे लूप. रेघेच्या अलीकडे डांबरात करवतीने चौकोनी खाच मारलेली दिसेल, वर काळं सीलंट भरलेलं. खाचेत तारेचे तीन-चार वेढे असतात. वर धातू आला की तारेचं इंडक्टन्स (एक विद्युत गुणधर्म) घटतं आणि कंट्रोलरला मागणी कळते. बिघडतं ते असं: डांबर खरवडताना तार तुटते, किंवा सीलंट फुटून पाणी शिरतं. मग कंट्रोलर कायम "गाडी आहे" असं समजून रिकाम्या रस्त्याला पूर्ण हिरवा देत बसतो, नाहीतर गाडी असून तिची दखलच घेत नाही.

आणि एक बिघाड चालक स्वतः घडवतात, तो म्हणजे रेघ ओलांडून झेब्र्यावर उभं राहणं. लूप मागे राहिला, कंट्रोलरच्या लेखी रस्ता रिकामा. अशा वेळी "हा सिग्नल सुटतच नाही" म्हणून जो निघतो, त्याचा सिग्नल त्यानेच अडवलेला असतो.

सायकल आणि मी

रेघेच्या आत, अगदी लूपवर उभं राहिलं तरी सायकल कित्येकदा ओळखली जात नाही. छोटी मोटरसायकलही नाही. काय करायचं, मागून चारचाकी यायची वाट बघत बसायचं? अमेरिकेतल्या काही राज्यांनी मोटरसायकलला यासाठी कायद्यातच सवलत दिली आहे: थांबा, ठरावीक वेळ वाट बघा, तरी सुटला नाही तर बघून निघा. आयडाहोत सायकलस्वारांना थांबण्याच्या पाटीवर वेग कमी करून, बघून जायची मुभा १९८२ पासून आहे. लाल दिव्यालाही पूर्ण थांबून, बघून निघायची मुभा आहे. म्हणजे लाल म्हणजे लालच, असं कायदेसुद्धा म्हणत नाहीत.

कंट्रोलर

चौकोनाच्या मध्यभागी उभे राहू नका, तिथे सर्वांत कमी परिणाम होतो. कडेच्या खाचेवर, पुढचं आणि मागचं दोन्ही चाकं खाचेच्या रेषेत येतील असे उभे राहा. सायकल आडवी पाडून काही होत नाही असंही नाही, पण सहसा ती वेळ येत नाही. कार्बन फायबरची सायकल असेल तरी चाकाची रिम धातूची असल्यास बऱ्याचदा चालतं.

पांढरी रेघ

अडकलेल्या सिग्नलचा मुद्दा मान्य. पण तो अडकलाय हे आधी ठरवावं लागेल. आडव्या रस्त्याला दोनदा हिरवा मिळून गेला आणि दोन्ही वेळा तुमची फेज गाळली गेली, तर सिग्नल बिघडलेला आहे. तेव्हा सरळ घुसण्याआधी आणखी एक पर्याय बघा: जिथे वाहतूक डावीकडून चालते तिथे थांबून, बघून डावीकडे वळायची परवानगी असेल तर वळा आणि पुढून यू-टर्न घ्या. त्यात आडवी रहदारी छेदावी लागत नाही. एक मिनिट लाल राहिला म्हणजे सिग्नल बिघडला असं नव्हे.

झेब्रा

पायी चालणारे या चर्चेत कुठेच नाहीत, म्हणून लिहिते. लाल दिव्याला थांबून वळायची मुभा सगळे निरुपद्रवी समजतात. अमेरिकेत ती १९७० च्या दशकात इंधन टंचाईच्या काळात पसरली. पूर्व जर्मनीत १९७८ मध्ये लाल दिव्याशेजारी हिरव्या बाणाची पाटी आली आणि १९९४ मध्ये ती सगळ्या जर्मनीच्या नियमांत गेली. न्यूयॉर्क शहरात मात्र पाटी नसेल तर असं वळणं आजही बंद आहे.

धोका कुठे आहे ते सांगते. डावीकडे वळणारा चालक उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. मान उजवीकडे आणि गाडी हळूहळू पुढे. त्याच्या डावीकडून झेब्र्यावर पाऊल टाकणारा माणूस त्याला दिसतच नाही. दोघांपैकी हिरवा आहे तो पायी चालणाऱ्याला!

दुसरं म्हणजे वेळ. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. १८ मीटर ओलांडायला १५ सेकंद. काठी घेऊन चालणाऱ्याचा वेग ०.९ धरा, तर २० सेकंद. हे पाच सेकंद न देता वर "पादचारी नियम पाळत नाहीत" म्हणणं अन्याय आहे. रात्रपाळी, तुमच्या ३६ सेकंदांच्या चार फेजच्या फेरीत हे २० सेकंद बसवून दाखवा.

रात्रपाळी

प्रत्येक फेरीत नाही बसणार. बटण दाबल्यावरच पादचाऱ्याची फेज यावी, त्या एका फेरीपुरती लांबावी, आणि बटण दाबल्याची खूण म्हणून दिवा लागावा. खूण मिळाली नाही की माणूस दोनदा दाबतो आणि लालमध्येच निघतो.

आता पिवळ्याबद्दल, कारण सगळा दोष चालकाच्या माथी मारला जातो तो तिथेच. एक सेकंद विचाराचा, आणि पुढे दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करत बेताने थांबणं, असं धरलं तर ताशी ६० किमीला पिवळा ३.८ सेकंद हवा. तो ३ च ठेवला तर काय होतं? थांबायला ६३ मीटर लागतात. ३ सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. पिवळा पडला तेव्हा जो रेघेपासून ५० ते ६३ मीटरवर आहे, त्याला बेताने थांबताही येत नाही आणि लाल पडायच्या आत रेघ गाठताही येत नाही. गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन या संशोधकांनी १९६० मध्येच हे मांडलं. त्या १३ मीटरमधल्या माणसाला नियम मोडायला सिग्नलच भाग पाडतो. तिथे कॅमेरा लावून दंड करणं म्हणजे चूक एकाची, पैसे दुसऱ्याचे.

कंट्रोलर

हे मात्र बिनतोड. कॅमेरा लावण्याआधी पिवळा मोजलाच पाहिजे. कॅमेऱ्याने आडव्या धडका कमी होतात, पण लोक दचकून ब्रेक मारतात आणि मागून ठोकर बसण्याचं प्रमाण वाढतं. पिवळा तोकडा असेल तर ते आणखीच.

पण पिवळ्यानंतरचे सगळीकडे लाल असलेले दोन सेकंद हे तुमच्या-आमच्यासाठी बोनस नव्हेत. ते शेवटच्या गाडीला चौकाबाहेर पडायला आहेत. सायकलस्वाराला २० मीटरचा चौक ताशी १५ किमीने ओलांडायला ५ सेकंद लागतात, म्हणजे त्याला ते आधीच अपुरे. उलटे आकडे मोजणारा टायमर ३ वर आला की पहिली रांग सरकायला लागते. हे दोन सेकंद ती रांग खाते, आणि पिवळ्यात शेवटी घुसलेला सायकलस्वार तेव्हा बरोबर मध्यभागी असतो.

गोलचक्कर

जिथे जागा आहे तिथे दिवेच काढा. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांत अडकतात, एका लेनच्या गोल चक्रात ८ ठिकाणी. नेदरलँड्समधल्या द्राख्तेनमध्ये वाहतूक अभियंते हान्स मॉन्डरमन यांनी मोठ्या चौकातला सिग्नल काढून हे करून दाखवलं.

झेब्रा

आणि अंध माणसांनी तिथे काय करायचं? सिग्नलचा आवाज आणि फुटपाथची कड, दोन्ही गेल्यावर चालकाच्या नजरेला नजर देऊन रस्ता ओलांडा, असं त्यांना सांगायचं का? दोन लेनचं चक्र झालं की तो ८ चा आकडाही वाढतो.

कंट्रोलर

रात्रीच्या सिग्नलची तक्रार "फार वेळ लागतो" अशी कोणी लिहिली तर ती तशीच पडून राहते. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर लागोपाठ तीन फेऱ्या मोजा. हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंत किती सेकंद, त्यातला हिरवा किती, पिवळा किती. खांबाचा क्रमांक, कोणत्या दिशेची लेन, वार आणि वेळ. प्रत्येक फेरीत आडव्या रस्त्याने किती गाड्या गेल्या. लूप असेल तर गाडी खाचेवर होती का. तिन्ही फेऱ्या सारख्याच भरल्या आणि आडवा रस्ता रिकामा होता, तर सिग्नल ठरलेल्या वेळापत्रकावर चालतोय किंवा लूप अडकलाय. दुरुस्तीवाल्याला कुठे हात घालायचा ते यातून कळतं.

रात्रपाळी

हे करता येईल. पण वेळापत्रक बदलायला महिना लागला तर महिनाभर त्या ३४ सेकंदांचं काय?

पांढरी रेघ

थांबायचं. रेघेच्या आत, लूपवर. वेळापत्रक बदललं नाही तोवर आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला तुमच्याबद्दल एकच गोष्ट माहीत आहे: तुमच्याकडे लाल आहे. ब्रेक तयार न ठेवता तो ज्या वेगाने चौकात शिरतो, तो तेवढ्याच भरवशावर.