प्रति: लेझर अंतरमापकाचा पल्ला आणि अचूकता
लेझर अंतरमापक प्रकाशाचा स्पंद (क्षणभराचा झोत) सोडतो आणि तो परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. त्यातील लेझरची शक्ती वाढवली की पल्ला आणि अचूकता दोन्ही सुधारतील, असे या चर्चेत सुचवले गेले आहे. ते मुख्यतः पल्ल्यापुरते आणि तेही अंशतः खरे आहे. भिंतीसारख्या, संपूर्ण झोत सामावून घेणाऱ्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणजे पल्ला दुप्पट करण्यासाठी चौपट शक्ती लागते, आणि डोळ्यांच्या सुरक्षिततेची मर्यादा बहुधा त्याआधीच आडवी येते. त्याऐवजी प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाचा व्यास दुप्पट केला तर परतणारा प्रकाश तितकाच वाढतो. अर्थात आत शिरणारे ऊनही तितकेच वाढते, म्हणून संवेदकापुढे (प्रकाश टिपणाऱ्या भागापुढे) फक्त लेझरची तरंगलांबी जाऊ देणारा फिल्टर हवाच.

अचूकतेचा प्रश्न निराळा आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) सुमारे ३० सेंमी जातो. जाणे-येणे धरता १ सेंमी अचूकतेसाठी सुमारे ६७ पिकोसेकंदांपर्यंत (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) वेळ मोजावी लागते. १०० स्पंदांची सरासरी घेतल्यास यादृच्छिक (दर मोजणीत कमी-जास्त होणारी) चूक दहाव्या हिश्श्यावर येते, पण सरासरीने न जाणारी एक चूक उरते, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते: पांढऱ्या कागदावरून आलेला जोरदार स्पंद ठरावीक उंबरठा (ज्या पातळीला वेळ टिपली जाते ती) लवकर ओलांडतो, तर काळ्या कापडावरून आलेला क्षीण स्पंद उशिरा, त्यामुळे तितक्याच अंतरावरचे कापड अधिक लांब भासते. यासाठी स्पंदाच्या शिखराच्या ठरावीक अंशावर वेळ टिपणारे सर्किट वापरावे, किंवा प्रत्येक स्पंदाची उंची नोंदवून तिच्यानुसार दुरुस्तीचे कोष्टक तयार करावे. घरगुती प्रयोगासाठी मला दुसरा मार्ग अधिक सोयीचा वाटतो.