केदारकंठा: समिट पहाटेऐवजी उजाडल्यावर करता येईल का? मदत हवी आहे

डिसेंबरअखेर उत्तराखंडमधल्या सांकरी गावाहून केदारकंठा शिखराच्या ट्रेकला ग्रुपने जातोय. जुडा का तालाब, मग केदारकंठा बेस आणि तिथून १२,५०० फुटांवरचं समिट, हा नेहमीचाच मार्ग. सह्याद्रीत सगळे नियमित चढतात, दमाची काळजी नाही.

अडचण एका मैत्रिणीच्या बोटांची आहे. थंडीत ती पांढरी पडून बधिर होतात (रेनॉड्स). डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलंय, पण बोटं सतत गरम ठेवायची अट घातली आहे. लोकरीच्या आतल्या मोज्यांवर वॉटरप्रूफ हातमोजे घालून पाहिले, पुरले नाहीत. सगळी बोटं एकत्र राहणारे पिसांचे मिटन्स छान ऊब देतात, पण ते घालून मायक्रोस्पाइक्सचे (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे काटे) पट्टे लावता येत नाहीत, काठीही नीट धरता येत नाही. हँड वॉर्मर्स घेतलेत. ते पाकिटातून काढून थोडी हवा लागल्याशिवाय तापत नाहीत, हे माहीत आहे.

खरी भीती पहाटे तीन-चारच्या अंधारातल्या चढाईची वाटते, कारण वारा तेव्हाच सगळ्यात जास्त बोचतो. उशिरा निघावं तर उन्हाने बर्फ मऊ होऊन पाय रुतणार, हेही कळतं. तिला बेसला एकटं ठेवून वर जाणं आम्हाला कुणालाच मान्य नाही.

डिसेंबर-जानेवारीत ज्यांनी हा ट्रेक केलाय त्यांना विचारते: वेगळा गाईड घेऊन आम्ही दोघी साडेपाच-सहाला निघालो, तर बर्फ घट्ट असेपर्यंत उतरून यायला वेळ पुरतो का?