केशर आणि चिनार एकाच फेरीत साधतील का? काश्मीरमधील शरदाच्या प्रवासाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार.

मी ६४ वर्षांचा असून पत्नी ६१ वर्षांची आहे. आम्ही दोघेच आठ दिवसांसाठी पुण्याहून काश्मीरला जाणार आहोत. गुलमर्ग आणि सोनमर्ग यादीतून वगळले आहेत, कारण आम्हाला बर्फ नव्हे तर हरूद, म्हणजे तिथला पानगळीचा ऋतू, आणि खोऱ्यातील जुनी देवळे व बागा निवांतपणे पाहायच्या आहेत. सुरक्षेबाबत प्रशासनाच्या सूचना पाहूनच निघू, तेव्हा कृपया तारखा आणि मार्ग यांवरच मत द्यावे.

पहिली अडचण तारखांची आहे. पांपोरच्या शेतांत केशराची फुले साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतात, तर चिनार पुरता लाल होतो तो नोव्हेंबर थोडा पुढे सरकल्यावर. २९ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर असा मधला काळ धरला, तर दोन्ही थोडे थोडे मिळेल की दोन्ही हुकेल? एकच निवडायचे झाले तर मी चिनार निवडीन. निशात आणि शालीमार बागांपेक्षाही काश्मीर विद्यापीठाच्या आवारातील नसीम बागेची मला ओढ आहे. तिथे बाहेरच्या माणसांना सहज आत सोडतात का?

दुसरा प्रश्न दक्षिण काश्मीरचा आहे आणि माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. पत्नीचे वडील सैन्यात होते. सुट्टी संपली की ते पुणे स्टेशनवरून झेलम एक्सप्रेसने परत जात आणि ती लहानपणी त्यांना निरोप द्यायला फलाटावर उभी असे. ज्या नदीच्या नावाची ती गाडी, तिचा उगम एकदा डोळ्यांनी पाहावा, ही तिची फार जुनी इच्छा आहे. म्हणून व्हेरीनाग येथील जहांगीरने बांधून घेतलेले अष्टकोनी कुंड चुकवायचे नाही. मला ललितादित्याने आठव्या शतकात उभारलेले मार्तंड मंदिर पाहायचे आहे, तेही घाईत नव्हे. भग्न असले तरी त्याच्या प्रांगणाभोवतीची स्तंभांची रांग आणि पठारावरून दिसणारे खोरे यांसाठी मला तिथे किमान दोन तास हवेत.

आमच्या ट्रॅव्हल एजंटने पांपोर, जुन्या देवळांचे अवंतीपूर, मार्तंड आणि व्हेरीनाग हे सारे श्रीनगरहून एकाच दिवसात बसवले आहे. त्या दिवसांत तिथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, हे पाहता मला ते अशक्य वाटते. त्याऐवजी पहिल्या दिवशी पांपोर आणि अवंतीपूर करून अनंतनागला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी मार्तंड व व्हेरीनाग पाहावे, असा माझा विचार आहे. अनंतनागमध्ये आमच्या वयाच्या माणसांना सोयीचे, गरम पाण्याची खात्री असलेले हॉटेल मिळते का, की मुक्कामाला पहलगामच बरे?

जाताना झेलम एक्सप्रेसने जम्मूपर्यंत आणि पुढे कटऱ्याहून श्रीनगरच्या वंदे भारतने, चिनाब पुलावरून, जायचा बेत आहे. दोन्ही गाड्यांच्या मध्ये कटऱ्याला एक रात्र राहणे आवश्यक आहे का, हेही कोणी अलीकडे गेले असल्यास सांगावे.

शेवटची शंका थंडीची आहे. पत्नीचे गुडघे थंडीत आखडतात. दल सरोवरातील हाउसबोटीत त्या दिवसांत बुखारी, म्हणजे खोली उबदार ठेवणारी शेगडी, पेटवतात का, की तो मोह सोडून काठावरच खोली घ्यावी?