मॉरिशसला जाऊन आलेल्यांनी लिहा

ठाणेकरीण
जुलैत आम्ही मॉरिशसला निघालोय. मी, नवरा, शाळकरी मुलगा आणि माझे आईबाबा. व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि निघण्याआधी भरायचा ऑनलाइन प्रवासी फॉर्म, एवढं समजलंय. एजंटच्या यादीत नुसते 'पॉइंट' आहेत. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी, तिथे राहणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहा. हनिमूनचे फोटो नकोत, बाकी सगळं चालेल.

पोहणारा नागपुरी
जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. किनाऱ्यावर दिवसा छान ऊन असतं, पण बेटाच्या मध्यावरचं क्युरपिप गाव साधारण ५५० मीटर उंचीवर, तिथे रिमझिम आणि गारठा. आईबाबांचे स्वेटर ठेवाच. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे 'आरामात निघू' म्हणत नाश्त्यावर रेंगाळलात की दिवस गेला.

हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर, यावर निम्मी सहल ठरते. हिवाळ्यात आग्नेयेचे वारे जोरात असतात आणि ते थेट पूर्व किनाऱ्यावर येतात. तिथल्या बेल मार गावचं पाणी देखणं, पण आम्हाला वाऱ्यानं वाळूत बसू दिलं नाही. फ्लिक आँ फ्लाक पश्चिमेला, डोंगराच्या आडोशाला, तिथे मुलं निवांत डुंबत होती. डिसेंबरात जाणाऱ्यांना हाच पूर्वेचा वारा हवासा वाटेल. जानेवारी ते मार्च मात्र चक्रीवादळांचे दिवस. इशाऱ्यांच्या चार पायऱ्या आहेत. तिसरा इशारा लागला की गपचूप आत बसायचं.

बेटाला बहुतेक सगळीकडून प्रवाळाचं कडं आहे, म्हणून आतलं पाणी शांत. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी हे कडं तुटतं आणि लाटा थेट खडकावर आपटतात. तिथे बघायचं, उतरायचं नाही. पाण्यात रबरी बूट घाला. समुद्री साळू (काटेरी गोळ्यासारखा जीव) आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश दोन्ही असतात. शिंपले-प्रवाळ उचलून बॅगेत टाकू नका, गुन्हा आहे.

पोळीभाजी
आम्ही शुद्ध शाकाहारी. हॉटेलच्या बुफेत सॅलड आणि पास्ता खाऊन नवरा वैतागला, मग रस्त्यावर उतरलो आणि प्रश्न सुटला. ढोल पुरी! चण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ, पातळ पोळी, म्हणजे गूळ विसरलेली पुरणपोळीच. दोन-दोनच्या जोडीनं देतात, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची करी, टोमॅटोची रुगाय (मसालेदार रस्सा) आणि मिरचीची चटणी. मिरची जपून, ती नाटकी नाही. गातो पिमाँ म्हणजे डाळीचे छोटे वडे, सकाळी पावात घालून खातात. राजधानी पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटात सब्जा घातलेलं थंडगार आलुदा प्यायला विसरू नका. या गाड्यांवर रोख लागते. २०२४ पासून तिथे यूपीआय सुरू झालंय, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका.

अबुधाबीचा बंड्या
अख्खं बेट सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोनदा मावेल, तरी रस्त्यावर वेळ जातो. विमानतळ आग्नेयेला, ग्राँ बे उत्तरेच्या टोकाला. सव्वा तास धरा, पोर्ट लुईच्या गर्दीत सापडलात तर जास्त. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा. आमच्याकडून पहिल्या दिवशी एकानं दुप्पट घेतले, दुसऱ्या दिवसापासून हॉटेलच्या रिसेप्शनवर आधी विचारायला लागलो. पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रो आहे, स्वस्त आणि स्वच्छ. बस सगळीकडे जातात, पण अंधार पडला की विरळ होतात. गाडी भाड्यानं घेतलीत तर स्टिअरिंग उजवीकडेच, आपल्यासारखं. उसाच्या शेतांतले रस्ते अरुंद आणि स्पीड कॅमेरे भरपूर.

ठाणेकरीण
बाबा झोपेची गोळी घेतात. नेता येईल ना?

माहेर चिपळूण, सासर वाक्वा
तशीच बॅगेत टाकून आणू नका. झोपेच्या, चिंता कमी करणाऱ्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर इथे मॉरिशसमध्ये कडक नियंत्रण आहे. आधी परवानगी लागते का ते आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर पाहा. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ पाकीट बरोबर ठेवा. ई-सिगारेट आणायचीच नाही. आणि मायलेकींनो, कढीपत्त्याचं रोप, बिया, आंबे प्रेमानं भरू नका. परवान्याशिवाय विमानतळावरच काढून घेतात. इथे सगळं मिळतं गं.

आता थोडं आमच्याबद्दल. बरेच पर्यटक इथे 'आपले मराठी' शोधत येतात आणि समोरचा क्रिओल (इथली फ्रेंचवरून आलेली बोली) बोलायला लागला की हिरमुसतात. माझ्या सासरच्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे, मुंबई बंदरातून करारावर उसाच्या मळ्यात आले. घरात बोलणं क्रिओलच. मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात. पण गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि कास्काव्हेलकडचं विसर्जन पाहिलंत तर 'हे मराठी राहिले नाहीत' म्हणायचं धाडस होणार नाही. चुकून हिंदीत 'तुम्ही इंडियन ना?' असं विचारू नका. ते मॉरिशियन आहेत.

आईबाबांना पोर्ट लुईचा आप्रवासी घाट दाखवा. १८३४ नंतर आलेल्या सुमारे साडेचार लाख मजुरांपैकी बहुतेकांची पावलं त्या बंदरावर पडली. दगडी पायऱ्या सोळाच आहेत. कुणाला पूर्वजांचा माग काढायचा असेल तर मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत तेव्हाच्या मजुरांच्या नोंदी आहेत. गंगा तलाव हे हिंदूंचं पवित्र तळं डोंगरात आहे, तिथे ढग उतरतात, छत्री न्या. महाशिवरात्रीच्या सुमाराला लोक पायी जातात आणि रस्ते भरून वाहतात, तेव्हा टाळा.

पोहणारा नागपुरी
नैऋत्य टोकाच्या ल मोर्नचा 'समुद्राखालचा धबधबा' विकणाऱ्या बोटवाल्याला हात जोडा. तो वाहत्या वाळूचा आणि गाळाचा भास आहे, फक्त हवेतूनच दिसतो. हेलिकॉप्टर परवडत असेल तर बघा.

अबुधाबीचा बंड्या
राहिलंच: प्लग ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचा किंवा फ्रेंच दोन गोल पिनांचा. बाबांचं बीपी मशीन चार्जिंगचं असेल तर अ‍ॅडॉप्टर घरूनच न्या, तिथे रविवारी दुपारनंतर बहुतेक दुकानं बंद.