दख्खनच्या कातळाखालचं तेल मोजायचं कसं?

नाशिककर: २०१७च्या फेरमूल्यांकनात देशातल्या गाळखडकांच्या २६ खोऱ्यांत ४१.८७ अब्ज टन तेल-वायू धरलाय. न सापडलेलं मोजलं कसं?

जुना लॉगर: त्यात सापडलेलंही आलं. शिवाय हा आकडा जमिनीतल्या साठ्याचा, उपसता येईल तेवढ्याचा नव्हे! हे आधी नीट समजून घ्या. मग स्रोतखडक (ज्यात तेल तयार होतं) पुरेसा तापला का, साठाखडक (ज्यात ते साठतं) सच्छिद्र आहे का, वर तेल अडवणाऱ्या खडकाचं झाकण आहे का, तेल सरकण्याआधी ते अडकेल असा सापळा तयार होता का, हे बघायचं. एक नसलं की विहीर कोरडी. म्हणून मी एकाच आकड्यावर कधीच विश्वास ठेवत नाही, किमान-कमाल पल्ला मागतो.

नाशिककर: आणि आपल्या दख्खनखाली?

जुना लॉगर: तिथला बेसॉल्ट (लाव्हाचा कातळ) सायस्मिक लहरी, म्हणजे खालचे थर बघायला जमिनीत सोडलेली कंपनं, विखुरतो, खालचे गाळथर धूसर दिसतात. तिथे ड्रिलिंगच हवं.

सागरकन्या: मुंबई हायलाही १९७४मध्ये विहीर खोदल्यावरच खात्री पटली.